धारेतला दगड

वाईचं ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलं. येणारा समोरून ती भव्य मूर्ती पाहतो आणि परततो. देवळाच्या मागे फार थोडे जातात. तिथली भिंत मत्स्याकार आहे. कृष्णेला पूर आला की लोंढा या भिंतीवर फुटतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. पाथरवटांनी आधी नदीची धार ओळखली, मग दगडाला आकार दिला. पाण्याखाली शिल्पं उभारून माशांना आसरा देण्याची कला आज जगभर गाजते आहे. तिची पारख मला या भिंतीपासून सुरू करावीशी वाटते.

वाहत्या पाण्यात काही आडवं आलं की त्याच्या आडोशाला धार मंदावते. वाहून आलेले अन्नकण तिथे रेंगाळतात आणि माशाला कमी कष्टात तग धरता येतो. खरखरीत पृष्ठभागावर आधी जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, मग शेवाळ येतं, मग शेवाळावर चरणारे जीव. समुद्रात त्यांच्या जोडीला कालवं, स्पंज आणि पाणी उबदार व नितळ असेल तर प्रवाळही येतात. नुसत्या रेताड, सपाट तळावर यांतल्या बहुतेकांना चिकटायलाच जागा नसते. म्हणून कृत्रिम भित्तिकेत खाचा, पोकळ्या आणि कठीण पृष्ठभाग यांना महत्त्व आहे. तो आकार माणसाचा आहे की नुसत्या ठोकळ्याचा, याचं माशाला काहीच नाही.

माणसाला मात्र आहे, आणि जेसन डी'केअर्स टेलर या ब्रिटिश शिल्पकाराने नेमका त्याचाच उपयोग करून घेतला. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटाला २००४ मध्ये 'आयव्हन' चक्रीवादळाने झोडपलं. तिथल्या मोलिनिअर उपसागरात टेलर यांचं पाण्याखालचं शिल्पउद्यान २००६ मध्ये उभं राहिलं. हातात हात गुंफून रिंगण धरलेल्या मुलांचं त्यातलं शिल्प जगभर पोचलं. पुढे मेक्सिकोत कानकूनजवळ पाचशेच्या आसपास शिल्पांचं संग्रहालय झालं. पाणबुड्या पर्यटकांच्या गर्दीने नैसर्गिक प्रवाळांची नासधूस होत होती; ती गर्दी दुसरीकडे वळवणं हा तिथला मुख्य हेतू. मला तो सौंदर्यापेक्षाही मोलाचा वाटतो. टेलर साधं सिमेंट वापरत नाहीत, कारण त्याचा अल्कधर्मी गुण जीवांना रुजू देत नाही. प्रवाळांची अंडी पाण्यात सुटण्याचा हंगाम साधून शिल्पं खाली उतरवण्याकडेही त्यांचा कटाक्ष असतो. पेरणीला वाफसा पाहावा, तसंच हे.

हंगाम, जागा आणि सामग्री यांचा विचार सुटला की काय होतं, ते फ्लोरिडाने भोगलं. १९७२ पासून तिथे ऑस्बोर्न रीफच्या नावाने सुमारे वीस लाख जुने टायर समुद्रात टाकले गेले. बांधणी सुटली, टायर तळावर घरंगळू लागले आणि शेजारचे जिवंत प्रवाळ त्यांच्याखाली चिरडले गेले. ते काढण्याचं काम नव्या शतकात अनेक वर्षं चालू राहिलं.

महाराष्ट्रात हा विषय सिंधुदुर्गातल्या निवतीच्या समुद्रात आला आहे. पोलंडमधल्या ग्डिनिया इथे बांधलेली, १९८५ मध्ये नौदलात दाखल झालेली 'आयएनएस गुलदार' १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअरला निवृत्त झाली. सुमारे ८४ मीटर लांबीची ही युद्धनौका निवतीजवळ बुडवून तिथे पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम भित्तिका करण्याचा राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाचा प्रकल्प आहे. अशा नौकेतलं तेल, विषारी रंग आणि तारांची वेष्टणं आधी काढावीच लागतात. त्याहून अवघड प्रश्न मासेमारीचा आहे. नौकेभोवती मासे दिसू लागले म्हणजे मासे वाढलेच असं नव्हे. आजूबाजूचे तिथे गोळा झाले असंही असू शकतं. त्या गोळा झालेल्या माशांवर जाळी पडली तर भित्तिका हा केवळ सापळा ठरेल. तिथे मासेमारी कुणी करायची, किती करायची, हे निवतीच्या मच्छीमारांबरोबर बसून आधीच ठरायला हवं.

आता पुन्हा कृष्णा. सातारा-सांगलीत शिल्पं पाण्यात सोडायची कल्पना कुणी मांडली, तर पहिलं बोट कृष्णेला मिळणाऱ्या कोयनेच्या शिवसागर जलाशयावर पडेल. पण त्याची पातळी पावसाळ्यानंतर उतरत जाते. काठालगत ठेवलेलं शिल्प उन्हाळ्यात कोरडं पडेल. सांगलीच्या बाजूला बरगे घातलेल्या बंधाऱ्यांमागे पाणी संथ असतं, तिथे गाळ बसून खाचा बुजतील. आणि २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. एवढ्या लोंढ्यात टिकेल असं वजन आणि असा आकार लागेल.

दगडाला चिकटून शेवाळ खरवडणारे 'मळ्या'सारखे मासे खडकाळ पात्रातले रहिवासी. त्यांना वाळू उपशाने उघडे पडलेले तळ आणि दूषित पाणी दोन्ही नडतात. सांगली-अंकली परिसरात मार्च २०२३ मध्ये मेलेल्या माशांचा खच काठाला लागला, तेव्हा निवाऱ्याची उणीव हे कारण नव्हतं. म्हणून कृष्णेत काही उभारायचंच असेल तर मी क्रम असा धरीन: आधी सांडपाणी आणि साखर कारखान्यांची मळी थांबवणं, मग जे डोह अजून खोल आहेत तिथला उपसा बंद करणं, दोन-तीन हंगाम मासे मोजणं, आणि त्यानंतरच पाथरवटांना बोलावून काळ्या दगडाचे मोठे, खाचा ठेवलेले चिरे वाईच्या खालच्या डोहांत बसवून पाहणं.