परदेशी जोडीदाराला भारतात कायमचे राहता येते का?

भारतीय नागरिकाशी विवाह झाला की परदेशी व्यक्तीला भारतात राहण्याचा कायमचा हक्क आपोआप मिळतो, असा अनेकांचा समज आहे. कायद्यात तसा हक्क नाही. अमेरिकेतील ग्रीन कार्डासारखा स्वतंत्र 'कायम रहिवासी' दर्जाही येथे विवाहाच्या आधारे दिला जात नाही. आधी व्हिसा, मग ओसीआय कार्ड आणि शेवटी नागरिकत्व, असा हा सर्वसाधारण प्रवास आहे. त्यातील पहिले दोन टप्पे विवाहावरच उभे असल्याने विवाह मोडला तर मुक्कामच धोक्यात येतो.

बंगळुरूतील मल्लेश्वरमचे उदाहरण घेऊ. १८९८ मधील प्लेगच्या साथीनंतर वाढलेल्या या वस्तीला काडू मल्लेश्वराच्या देवळावरून नाव मिळाले. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात हे देऊळ बांधले, असे मानले जाते. जवळच १९०९ मध्ये स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था आहे. संशोधन, शिक्षण आणि माहिती तंत्रज्ञानामुळे या शहराचा परदेशाशी नित्य संबंध येतो आणि त्यातून विवाहही जुळतात. समजा, मल्लेश्वरममधील एका तरुणाने जर्मन सहकारिणीशी विवाह करण्याचे ठरवले. तिच्यापुढे कोणते टप्पे येतील?

विवाह आणि व्हिसा

भिन्नधर्मीय किंवा भिन्नदेशीय जोडपी बहुधा १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा आधार घेतात. त्यासाठी वधूवरांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य असावे लागते. विवाहाची सूचना प्रसिद्ध झाल्यावर आक्षेपांसाठी आणखी ३० दिवस थांबावे लागते. परदेशी वधू अविवाहित असल्याचा दाखलाही सामान्यतः तिच्या वकिलातीकडून मागवला जातो. या काळात तिच्या मूळ व्हिसाची मुदत मात्र सरतच असते.

विवाहानंतर तिला 'एंट्री' म्हणजे एक्स प्रकारचा व्हिसा मागता येतो. हा अर्ज विभागीय परदेशी नोंदणी कार्यालयाकडे जातो. २०१८ पासून ही कामे ई-एफआरआरओ या ऑनलाइन व्यवस्थेतून होतात. मात्र अर्ज संगणकावर भरला तरी चौकशी टळत नाही. विवाह खरा आहे का, दोघे एकत्र राहतात का, याची खातरजमा केली जाते. हा व्हिसा ठरावीक मुदतीचा असतो आणि तो वेळोवेळी वाढवून घ्यावा लागतो. केवळ या व्हिसावर नोकरी करता येईल, असे गृहीत धरता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र परवानगी लागते.

ओसीआय कार्ड

परदेशी जोडीदाराला पूर्वी पीआयओ कार्ड मिळू शकत असे. जानेवारी २०१५ मध्ये ती योजना ओसीआयमध्ये विलीन झाली. नागरिकत्व कायद्याच्या कलम ७ए नुसार विवाहाची नोंदणी झालेली असेल आणि अर्जाच्या लगत आधी तो सलग दोन वर्षे टिकलेला असेल, तर परदेशी जोडीदार ओसीआय कार्डासाठी अर्ज करू शकतो. कार्ड मिळाले की व्हिसाच्या मुदतवाढीची यातायात संपते आणि नोकरीही करता येते. मात्र मतदानाचा हक्क मिळत नाही, तसेच शेतजमीन विकत घेता येत नाही.

पाकिस्तान किंवा बांगलादेशाच्या आजी-माजी नागरिकांना, तसेच ज्यांचे आईवडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा त्या देशांचे नागरिक होते त्यांना, हे कार्ड मिळत नाही. त्या देशांतून विवाह करून आलेल्या स्त्रियांना दीर्घ मुदतीच्या व्हिसावर अवलंबून राहावे लागते.

खरी अडचण कलम ७डी मध्ये आहे. विवाहाच्या आधारे मिळालेले ओसीआय कार्ड घटस्फोट झाल्यास रद्द करता येते. २०२१ मध्ये कार्डाच्या नूतनीकरणाचे नियम सोपे करण्यात आले, तेव्हाही परदेशी जोडीदारांसाठी एक अट राहिली. नवे पारपत्र काढले की विवाह अद्याप अस्तित्वात असल्याचे प्रतिज्ञापन त्यांना दरवेळी द्यावे लागते.

या तरतुदीचा परिणाम संसार बिघडल्यावर जाणवतो. वडील भारतीय असल्याने अशा दांपत्याचे भारतात जन्मलेले मूल सामान्यतः जन्मतः भारतीय नागरिक असते. घटस्फोटानंतर मात्र त्याच्या आईला याच देशात राहण्यासाठी नवा आधार शोधावा लागतो. त्यामुळे जाच सोसूनही कायदेशीर फारकत टाळण्याकडे एखाद्या स्त्रीचा कल होऊ शकतो.

नागरिकत्वाचा बदलता कायदा

१९५५ च्या मूळ नागरिकत्व कायद्यात भारतीयाशी विवाह झालेल्या 'किंवा झालेला होता' अशा स्त्रियांना नोंदणीने नागरिकत्व मिळण्याची सोय होती. विधवा आणि घटस्फोटिता त्यातून वगळलेल्या नव्हत्या. परदेशी पतींना मात्र ही सोय नव्हती. १९६८ मध्ये विवाह झालेल्या सोनिया गांधी यांना १९८३ मध्ये नागरिकत्व मिळाले, तेव्हा हीच तरतूद लागू होती.

१९८६ च्या दुरुस्तीने ही सोय पुरुषांनाही मिळाली, पण पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आली. २००३ च्या दुरुस्तीने ही मुदत सात वर्षे केली आणि 'विवाह झालेला होता' हा भाग वगळला. म्हणजे आज अर्जदार विवाहित असणे आवश्यक आहे.

सात वर्षांची मोजणीही काटेकोर आहे. अर्जापूर्वीचे सलग बारा महिने भारतातच राहावे लागते आणि त्याआधीच्या आठ वर्षांत एकूण किमान सहा वर्षांचे वास्तव्य लागते. बारा महिन्यांच्या अटीत विशेष परिस्थितीत केंद्र सरकार जास्तीत जास्त ३० दिवसांची सूट देऊ शकते. मायदेशी आजारी आईच्या उशाशी दोन-तीन महिने राहिलेल्या मुलीची मोजणी त्यामुळे लांबणीवर पडू शकते. शिवाय भारतात दुहेरी नागरिकत्व नसल्याने मूळ देशाचे नागरिकत्व सोडावे लागते.

इतर देशांत काय?

कठोर अटी केवळ भारतातच आहेत, असे नाही. अमेरिकेत विवाहाला दोन वर्षे होण्यापूर्वी ग्रीन कार्ड मिळाले, तर ते दोन वर्षांपुरते सशर्त असते. ब्रिटनने विवाह व्हिसासाठी किमान उत्पन्नाची अट एप्रिल २०२४ मध्ये वार्षिक २९ हजार पौंडांवर नेली. मात्र जोडीदाराच्या छळाला बळी पडलेल्यांना स्वतंत्रपणे कायम वास्तव्य मागण्याची वाट या दोन्ही देशांच्या नियमांत आहे. भारताच्या कलम ७डी मध्ये असा अपवाद नमूद नाही.

म्हणूनच विवाहाची नोंदणी लगेच करणे, व्हिसाच्या मुदती पाळणे आणि प्रत्येक परदेश प्रवासाच्या तारखा जपून ठेवणे अशा दांपत्यांच्या हिताचे असते. एकदा नागरिकत्व मिळाले की चित्र बदलते. ते काढून घेण्याची कारणे कायद्याच्या कलम १० मध्ये दिलेली आहेत आणि त्यांत घटस्फोटाचा समावेश नाही.