तासावरची नोकरी आणि कायमच्या जागेचा शोध

अर्धी नोकरी करणारा माणूस बेकारांत धरला जात नाही आणि नोकरदारांतही धरला जात नाही. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत ‘तासिका तत्त्वावर’ शिकवणारा प्राध्यापक हा असा माणूस आहे. मी त्यांतलाच एक. एम. ए. झालो, सेट झालो, आणि गेली सहा वर्षे तास मोजून शिकवतो आहे. तास झाला तर पैसे. सुट्टी लागली की पैसे बंद. वर्ष संपले की नेमणूक संपते. पुढच्या वर्षी त्याच वर्गासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. आपल्या घरांतून पहिल्यांदाच एवढे शिकलेली कितीतरी मुले-मुली आज या रांगेत उभी आहेत. म्हणून हा प्रश्न एकट्याच्या पोटाचा नाही.

अर्धवेळ शिकवण्यात कमीपणा नाही. १९१८ साली सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झालेल्या बाबासाहेबांनी १९२० मध्ये ती नोकरी सोडून लंडनचे अपुरे शिक्षण पुरे केले. परत आल्यावर १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी मुंबईच्या बाटलीबॉय संस्थेत अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवला. ते काम त्यांच्या वकिलीला आणि चळवळीला टेकू होते. आमचे अर्धवेळ काम मात्र टेकू न राहता खुंटा झाले आहे. तो कसा, ते नीट पाहिले पाहिजे.

पहिली गाठ अनुभवाची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत तात्पुरती वा कंत्राटी सेवा पुढे मोजण्यासाठी अटी घातल्या गेल्या. नेमणूक रीतसर निवड समितीकडून झालेली हवी, आणि मिळणारे एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनाहून कमी नसावे. तासाच्या मानधनात ही अट कोण पुरी करणार? म्हणजे आधी कमी पैसे द्यायचे, आणि पैसे कमी मिळाले म्हणून सेवाही मोजायची नाही. शोषणच अपात्रतेचा पुरावा ठरते.

दुसरी गाठ आरक्षणाची. राज्याचा २००१ चा आरक्षण कायदा अनुसूचित जातींना १३ टक्के आणि अनुसूचित जमातींना ७ टक्के जागा देतो. पण ४५ दिवसांहून कमी मुदतीच्या नेमणुका आणि संवर्गातले एकाकी पद यांना तो लागू नाही. म्हणून पद मोजायचे कसे, यातच सारे राजकारण आहे. २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने विद्यापीठाऐवजी विभाग हा घटक धरला, आणि मार्च २०१८ मध्ये आयोगाने तसे पत्र काढले. लहान विभागांत राखीव बिंदूपर्यंत पाळीच येईना. देशभर आंदोलन झाले, तेव्हा २०१९ मध्ये केंद्रीय संस्थांपुरता कायदा होऊन संस्था हा घटक परत आला. तासिकेची वाट याहून सोपी आहे. पद भरायचेच नाही. त्याचा कार्यभार दोघांत वाटायचा. पद नाही, तर बिंदू नाही. बिंदू नाही, तर आरक्षणही नाही.

तिसरी गाठ मनाची. तास देणारा विभागप्रमुख आणि अनुभवाचा दाखला देणारे प्राचार्य हेच आमचे मालक. दुसरीकडे अर्ज केल्याचे कळले, तर पुढच्या वर्षी तास मिळतील की नाही, ही धास्ती. मग मुलाखतीला जाताना माणूस आजारपणाचे निमित्त सांगतो. विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती अडली तरी बोलत नाही. मोर्चात मागच्या रांगेत उभा राहतो. व्यवस्थेला हाच शिक्षक हवा असतो.

मग करायचे काय? काही गोष्टी आपल्या हातच्या आहेत. नेमणुकीचे पत्र, विद्यापीठाची मान्यता, मानधनाच्या नोंदी यांच्या प्रती दरवर्षी त्याच वर्षी घ्याव्यात. नंतर मागितल्या की उपकाराची भाषा सुरू होते. तास आठवड्यात कुठे आणि किती आहेत हे पाहून अभ्यासाचे दिवस राखून ठेवावेत; फुकटची कामे अंगावर घेतल्याने कायमची जागा मिळत नाही. जाहिरात आली की राखीव पद कोणत्या बिंदूवर आहे ते पाहावे. अनुदानित महाविद्यालयाची बिंदुनामावली मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. तिची प्रत २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपयांच्या अर्जावर मागता येते, आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अर्ज ज्याची नोकरी तिथे आहे त्याने करू नये. दुसऱ्या गावच्या कार्यकर्त्याने करावा. संघटना असते ती याचसाठी.

अनुशेषाच्या जागा वेगळ्या धरून भरण्याची वाट ८१ व्या घटनादुरुस्तीने २००० सालीच मोकळी केली आहे. तेव्हा आपली मागणी तास वाढवून देण्याची असता कामा नये. वाढीव मानधन घ्यावे, ते हक्काचे आहे. पण त्यावर समाधान मानले तर पद कायमचे जाईल. एकेकट्याने नोकरी शोधत फिरण्यापेक्षा, आपल्या महाविद्यालयात किती पदे मंजूर आहेत, किती भरली आणि किती तासांत विरघळली, याचा हिशेब आधी मागू या.