कामे उरकतात कशी?

परीक्षा दोन महिन्यांवर आल्या की आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या अभ्यासिकांतून एक दृश्य हमखास दिसते. भिंतीवर नवे वेळापत्रक चिकटते. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत चौकटी आखलेल्या, विषयागणिक निराळी शाई, आणि हे सारे रंगवण्यात एक अख्खी दुपार गेलेली! हल्ली त्यात पुस्तकांची भर पडली आहे. थोड्या वेळात पुष्कळ काम कसे करावे हे शिकवणारी पुस्तके स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शकांना खेटून दुकानात मांडलेली असतात. मुले ती घेतात, ओळी अधोरेखित करतात आणि विचारतात, "सर, यातली खरी पद्धत कोणती?"

प्रश्न रास्त आहे. कारण मुलांजवळ पैसा बेताचा असतो आणि वर्षेही मोजकीच असतात.

ही विद्या तशी जुनी. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात दिवसाच्या चोवीस तासांचा तक्ता आखला आणि तो आत्मचरित्रात दिला. तेरा सद्गुणांची वही घालून तो रोज आपल्या चुकांवर खुणा करी. त्या तेरांपैकी व्यवस्थितपणा हाच आपल्याला सर्वांत जड गेला, असेही त्याने लिहून ठेवले आहे. त्याचे अनुयायी तेवढा भाग बहुधा गाळतात. पुढे १९०८ साली आर्नल्ड बेनेट या इंग्रज कादंबरीकाराने लंडनच्या कारकुनांसाठी एक छोटे पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे असे की, कचेरीचे आठ तास म्हणजेच दिवस असे माणूस धरून चालतो आणि उरलेले सोळा तास नुसते सांडतो. त्यांतून आठवड्याच्या तीन संध्याकाळी दीड-दीड तास काढा, एवढीच त्याची मागणी. मागणी माफक आहे, म्हणूनच मला ती पटते.

१९५५ साली पार्किन्सन या इतिहासकाराने विनोदाच्या अंगाने एक नियम मांडला. कामाला जेवढा वेळ द्यावा तेवढे ते फुगते. एखाद्या रिकाम्या आजीबाईला भाचीला एक कार्ड लिहायला सारा दिवस पुरतो. चष्मा शोध, पत्ता शोध, छत्री घ्यावी की नको याचा विचार कर! इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिल्लोने १९८० नंतरच्या दशकात, विद्यार्थी असताना, स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे घड्याळ पुढ्यात ठेवून पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती असा क्रम धरला. तोही याच दुखण्यावरचा उपाय होय. कामाला कुंपण घातले की ते पसरत नाही.

डेव्हिड ॲलन या अमेरिकन गृहस्थाचे २००१ चे पुस्तक निराळ्या टोकाने सुरू होते. डोक्यात घोळणारे प्रत्येक काम कागदावर उतरवा, आणि प्रत्येकापुढे 'आता हाताने नेमके काय करायचे' ते लिहा. म्हणजे 'इतिहासाचा अभ्यास' असे न लिहिता 'तिसऱ्या प्रकरणाची टिपणे काढणे' असे लिहायचे. यामागे थोडे मानसशास्त्र आहे. ब्ल्यूमा झायगार्निक या विदुषीने १९२७ साली बर्लिनमधले आपले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्धवट राहिलेली कामे पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा अधिक आठवतात, असे तिला आढळले. नंतरच्या सर्वच प्रयोगांतून तसे निघाले नाही हे खरे. पण अर्धे काम मनाला टोचणी लावते आणि ते कधी, कसे करायचे हे ठरवले की टोचणी कमी होते, एवढे आपण अनुभवाने जाणतोच.

आता परदेश पुरे. धुळ्याच्या तुरुंगाकडे या.

१९३२ साली विनोबा भावे तेथे राजबंदी होते. २१ फेब्रुवारीच्या रविवारी त्यांनी कैद्यांपुढे गीतेवर बोलायला आरंभ केला आणि १९ जूनच्या रविवारी ते थांबले. दर रविवारी एक अध्याय. पंचांग काढून मोजा बरे! या दोन तारखा धरून मधले रविवार नेमके अठरा भरतात. म्हणजे एकही वार चुकला नाही. समोर साने गुरुजी बसत आणि ऐकलेले उतरवून घेत. 'गीता प्रवचने' हे पुस्तक असे झाले. त्याच गुरुजींनी पुढच्या वर्षी, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई'चा बहुतेक भाग पाच दिवसांत लिहून काढला.

येथे कोणती पद्धत होती? वार ठरलेला, मजकुराची हद्द ठरलेली, ऐकायला माणसे येऊन बसलेली, आणि टिपून घेणारा हात शेजारी. पुस्तकवाले पहिल्या दोन गोष्टी सांगतात. उरलेल्या दोहोंविषयी फारसे बोलत नाहीत. माझ्या मते खरी मेख तेथेच आहे. कोणी वाट पाहत असले म्हणजे काम चुकवणे अवघड जाते. अर्थात्, तुरुंगात हिंडण्याफिरण्याची वाटच बंद होती हेही विसरू नये. पाच दिवसांच्या लेखनामागे उभ्या आयुष्याच्या आठवणी होत्या. ती तयारी कोणत्या तक्त्यात मांडणार?

इतिहासाचार्य राजवाडे यांचे उदाहरण तर तक्तेवाल्यांना अडचणीचेच आहे. १८९८ पासून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' बावीस खंडांत काढली. त्यासाठी गावोगाव दप्तरे शोधत ते फिरले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यास वारले, तेव्हा पुष्कळ काम कागदांच्या रूपाने मागे उरले होते. १९२७ साली निघालेल्या राजवाडे संशोधन मंडळाने ते कागद सांभाळले. धातुकोश पुढे छापला गेला तो त्यामुळेच. एकट्याची शिस्त जेथे संपते तेथून पुढचे काम दुसऱ्यांनी उचलले.

आणि ज्यांचा वेळ स्वतःचा नसतो त्यांचे काय? बेनेटसाहेब सांगतात की पहाटे लवकर उठायचे असेल तर नोकराकडून रात्रीच चहाचे साहित्य ताटात मांडून ठेववावे. ठीक! आमच्याकडे ते ताट आई, बहीण नाही तर बायको मांडते, आणि तिच्या तासांचा हिशेब कोणत्याच पुस्तकात येत नाही. असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. शेतात आणि घरात काम चाललेले असतानाच त्या गाणी रचत. सोपानदेवांनी आणि घरातल्या आणखी एकाने त्यांतली काही उतरवून ठेवली, म्हणून १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, ती पुस्तकरूपाने आली. न उतरलेली किती विरून गेली असतील! येथेही पुन्हा टिपणारा हातच कामी आला.

शेतकऱ्याच्या मुलाचेही तसेच. शेतपंपाची वीज पाळीपाळीने येते, कधी दिवसा तर कधी मध्यरात्री. ज्याला रात्री दोन वाजता केळीला किंवा कपाशीला पाणी धरायचे आहे त्याला पहाटे पाचचे वेळापत्रक दाखवणे ही थट्टा झाली. अशा मुलाला मी घड्याळाची चौकट आखायला सांगत नाही. त्याने घटकांची गणती धरावी. आठवड्यात पंचवीस मिनिटांच्या बारा घटका, त्या कधीही होवोत. पाण्याच्या पाळीचा आठवडा असला तर आठ. प्रत्येकीनंतर वहीत एक रेघ ओढावी, आणि रविवारी ती वही एका मित्राला दाखवावी. मित्रानेही आपली दाखवावी. मुलींच्या बाबतीत मी घरच्यांनाच बोलावतो आणि संध्याकाळच्या स्वयंपाकातून तीन दिवस कोण तिची पाळी घेणार, हे तिच्यादेखत विचारून घेतो. कोणाचे नाव पुढे आले की ते तिच्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावतो.