लघुपटात भेटलेल्या दोन पुढारी बायका



बैठकीत मी कधी कधी विचारते, "आपल्यात पुढारी कोण?" लगेच सगळ्यांची बोटं अध्यक्षताईंकडे जातात. रजिस्टर लिहिणारी सचिव किंवा सभेच्या दिवशी चुलीपुढे बसलेली मावशी कुणाला आठवत नाही. म्हणून या अंकात दूरच्या अमेरिकेतल्या दोन बायकांची गोष्ट सांगते.

तिथे आफ्रिकेतून माणसं पकडून आणून शेतात गुलाम म्हणून राबवली. गुलामी १८६५ मध्ये कायद्याने संपली. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं, ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांनाच अर्पण केलंय. पण कायदा झाला तरी कृष्णवर्णीयांना बसमध्ये वेगळी जागा, वेगळ्या शाळा आणि मतदानाला अडवणूक, हे पुढे शंभर वर्षं चाललं. त्याविरुद्धच्या लढ्याची आठवण म्हणून तिथे दर फेब्रुवारीत कार्यक्रम होतात. लढ्यातल्या बायकांवरचे छोटे माहितीपट दाखवतात आणि नंतर बसून बोलतात.

पहिली गोष्ट जॉर्जिया गिल्मोर यांची. माँटगोमेरी शहरात त्या स्वयंपाकीण आणि सुईण होत्या. डिसेंबर १९५५ मध्ये रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडली नाही, म्हणून त्यांना अटक झाली. मग कृष्णवर्णीय लोकांनी ३८१ दिवस बसमध्ये पाऊल ठेवलं नाही. पण कामावर तर जायचंच होतं. कुणी चालत गेलं, कुणी चळवळीने चालवलेल्या गाड्यांतून. त्या गाड्यांच्या पेट्रोलला पैसा कुठून आणायचा?

जॉर्जियाताईंनी बायका जमवल्या. त्यांनी घरी केक, पाय आणि कोंबडीचे पदार्थ करून विकले आणि दर आठवड्याच्या सभेत रक्कम जमा केली. यातल्या बऱ्याच जणी गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करायच्या. मालकिणीला कळलं तर काम जाणार! म्हणून गटाचं नावच ठेवलं 'कुठूनच नाही' मंडळ. पैसे कुठून आले असं कुणी विचारलं, तर खरंच सांगता यायचं, "कुठूनच नाही!" जॉर्जियाताईंनी कोर्टात उघड साक्ष दिली आणि त्यांची नोकरी गेली. मग त्यांनी घरातच खानावळ सुरू केली. शेवटी कोर्टात बसमधला भेदभाव बेकायदा ठरला. त्या दाव्यात वादी म्हणून नावं होती ती चार बायकांची.

दुसऱ्या फॅनी लू हेमर. मिसिसिपी राज्यात बटईने कापूस पिकवणाऱ्या घरातल्या, वीस भावंडांत धाकट्या. सहाव्या वर्षापासून कापूस वेचायला जायच्या. ऑगस्ट १९६२ मध्ये त्या मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या. तिथे परीक्षा घ्यायचे, तीही नापास करण्यासाठीच. त्या नापास झाल्या. घरी आल्यावर जमीनमालक म्हणाला, अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. अठरा वर्षं राबलेला तो मळा त्यांनी त्याच रात्री सोडला. पुन्हा परीक्षा देऊन त्या १९६३ मध्ये पास झाल्या. त्याच वर्षी त्यांना तुरुंगात अमानुष मारहाण झाली.

हे सगळं त्यांनी ऑगस्ट १९६४ मध्ये एका मोठ्या पक्षाच्या अधिवेशनात कॅमेऱ्यासमोर सांगितलं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी कॅमेरे दुसरीकडे वळावेत म्हणून घाईघाईने पत्रकारांना बोलावलं. पण संध्याकाळी वाहिन्यांनी फॅनीताईंचं बोलणं दाखवलंच, आणि देशाने ते ऐकलं.

पुढची गोष्ट तर आपल्या गटांचीच वाटेल. मत मागायला गेलं की मजुरी बंद, घर रिकामं करा, हे त्यांनी भोगलं होतं. पोट दुसऱ्याच्या हातात असेल तर हक्क मागता येत नाही, हे त्या ओळखून होत्या. म्हणून १९६९ मध्ये त्यांनी सहकारी शेती सुरू केली. 'डुकरांची बँक' काढली. आपल्याकडे गरीब घराला शेळीचा आधार, तसा तिथे डुकराचा. कुटुंबाला मादी मिळायची, ती व्याली की काही पिल्लं बँकेला परत द्यायची, ती पुढच्या घराला जायची. आपल्या अंतर्गत कर्जासारखंच फिरतं भांडवल! पैशाच्या अडचणीमुळे ती शेती काही वर्षांतच बंद पडली. पण तोवर कितीतरी घरांना अन्न मिळालं.

माँटगोमेरीच्या बायकांनी नावं लपवली, कारण पोटाचा प्रश्न होता. आपल्या बायकांची नावं कशामुळे राहून जातात? नुसत्या सवयीमुळे. इतिवृत्तात आपण लिहितो, "महिलांनी सहकार्य केले." कोणत्या महिलांनी?

पुढच्या मासिक बैठकीत मोबाइलवर अशा बायकांवरचा एखादा छोटा माहितीपट मिळून बघा. भाषा समजली नाही तर एकीने सांगावं. मग बोला: यात पैसा कुणी उभा केला? कुणाचं काम गेलं? आपल्या गटात असं काम कोण करतं?

जी नावं निघतील, ती त्याच दिवशी इतिवृत्तात लिहा. पूर्ण नाव लिहा आणि तिचं कामही लिहा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक