घरबसल्या पदवी आणि परिचारिका

क्षिप्रेच्या काठी २०२८ साली पुन्हा सिंहस्थ भरेल. गोव्यातून, मालवण-रत्नागिरीकडून पुष्कळ भाविक तेव्हा उज्जैनला जातील. महाकालेश्वराच्या ज्या मंदिरापुढे ते हात जोडतील, त्याचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी केला, आणि ते आपल्याच कोकणपट्टीतले सारस्वत होते. हा ऋणानुबंध जुना असल्यामुळे उज्जैनचे सुखदुःख आपणांस परके नाही. २०१६ च्या सिंहस्थात मे महिन्याच्या आरंभी वादळी पावसाने मंडप कोसळले, काही भाविक प्राणास मुकले आणि अनेक जखमी झाले. अशा प्रसंगी डॉक्टर येतो, तपासतो, औषध लिहून देतो आणि पुढच्या रुग्णाकडे वळतो. रुग्णाच्या उशाशी रात्रभर जागते ती परिचारिका. म्हणून उज्जैनच्या परिचारिकेने काय शिकावे आणि कोठे शिकावे, हा प्रश्न केवळ उज्जैनचा उरत नाही.

आज या परिचारिकेपुढे एक मोहक वाट उघडलेली दिसते. नोकरी न सोडता, घर न सोडता, संगणकाच्या पडद्यासमोर बसून ‘नर्स प्रॅक्टिशनर’ची उच्च पदवी मिळवावी, तीही परदेशी विद्यापीठाची, असे सांगणाऱ्या जाहिराती तिच्या मोबाईलवर येत असतात. अर्ज भरून देणारे, कागदपत्रे जुळवून देणारे मध्यस्थही तयार असतात. शुल्काचे आकडे मात्र असे असतात की, बचत तर संपतेच, प्रसंगी अंगावरचे दागिनेही गहाण पडतात. ही वाट खरोखर कोठे जाते, हे पाहणे अगत्याचे आहे.

नर्स प्रॅक्टिशनर ही कल्पना मूळची अमेरिकेची. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने तिचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. खेड्यापाड्यांतील मुलांपर्यंत डॉक्टर पोहोचत नव्हते. तेव्हा अनुभवी परिचारिकेलाच तपासणी, निदान आणि उपचार यांचे अधिक शिक्षण द्यावे, असा त्यामागील सरळ विचार होता. फोर्डबाई २०२५ च्या जानेवारीत १०४ व्या वर्षी निवर्तल्या. त्यांनी लावलेल्या रोपट्याचा तोवर वृक्ष झाला होता. अमेरिकेच्या निम्म्याहून अधिक राज्यांत या परिचारिका आज डॉक्टरांच्या देखरेखीवाचून रुग्ण तपासतात आणि औषधे लिहून देतात. इतका अधिकार हाती येत असेल, तर त्याची परीक्षाही तितकीच कडक असणार, हे उघड आहे.

अमेरिकेत हे शिक्षण पडद्यावरून मिळते, हे खोटे नाही. परंतु पडद्यावरून मिळतो तो केवळ त्यातील व्याख्यानांचा भाग. तेथील २०२२ च्या मानदंडानुसार विद्यार्थिनीने किमान ७५० तास प्रत्यक्ष रुग्णसेवेत, मान्यताप्राप्त मार्गदर्शकाच्या नजरेखाली काढले पाहिजेत. शिवाय प्रवेशासाठी बहुधा पहिली अटच ही असते की, अर्जदार अमेरिकेतील एखाद्या राज्याची नोंदणीकृत परिचारिका असावी. म्हणजे आधी येथील पदवीची तपासणी, मग इंग्रजीची परीक्षा, मग ‘एनक्लेक्स’ ही परवाना-परीक्षा, मग परवाना. त्यानंतर गुणपत्रके, वरिष्ठांची शिफारसपत्रे आणि आपला हेतू सांगणारा निबंध जोडून पदव्युत्तर प्रवेशाचा अर्ज. पदवी मिळाल्यावरही राष्ट्रीय प्रमाणपत्राची आणखी एक परीक्षा असतेच. ज्या राज्यात काम करावयाचे, त्या राज्याची मान्यता अभ्यासक्रमास आहे की नाही, हेही पाहावे लागते. उज्जैनच्या फ्रीगंजात बसून हे ७५० तास कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या मार्गदर्शकाकडे भरावयाचे? जाहिरात या प्रश्नाविषयी मौन पाळते.

बरे, परदेशी जावयाचे नाही, येथेच पदवी उपयोगी पडेल, असे म्हणावे, तर तेही दार बंद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनी दूरस्थ आणि ऑनलाईन पद्धतीने ज्या विषयांची पदवी देता येत नाही त्यांची यादी केली. वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण यांच्या जोडीला परिचर्याही तीत आहे. परदेशी पदव्यांना समकक्षता देण्याचे नवे नियम २०२५ मध्ये आले. त्यांतूनही परिचर्येसारखे, वैधानिक परिषदेच्या अखत्यारीतील विषय वगळलेले आहेत. तात्पर्य, घरबसल्या घेतलेली ही पदवी अमेरिकेत परवान्यावाचून अडते आणि भारतात मान्यतेवाचून. पैसा मात्र दोन्हीकडे जातो. त्रिशंकूला निदान विश्वामित्राने स्वतंत्र स्वर्ग तरी निर्माण करून दिला होता!

कागदाची पदवी किती घातक ठरते, याची साक्ष दोन्ही देशांनी दिली आहे. २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील तीन संस्थांचे प्रकरण उघडकीस आले. त्यांनी परिचर्येची ७,६०० हून अधिक बनावट प्रमाणपत्रे विकली होती. आपल्याकडे मध्य प्रदेशातच परिचर्या महाविद्यालयांचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला. पुरेशी इमारत नाही, शिक्षक नाहीत, रुग्णालय नाही, तरीही महाविद्यालय मात्र आहे, असे प्रकार पुढे आले. न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे तपास सोपविला. २०२४ च्या मे महिन्यात अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून तपास करणारे अधिकारीच पकडले गेले, आणि त्याच सुमारास अपात्र ठरलेली ६६ महाविद्यालये बंद करण्याचे आदेश निघाले. कुंपणच शेत खाऊ लागले, तर दाद कोणाकडे मागावी? या गोंधळात परीक्षा लांबल्या आणि ज्यांचा काहीही अपराध नव्हता, अशा हजारो विद्यार्थ्यांची उमेदीची वर्षे वाया गेली. ज्या राज्याने हे सोसले, तेथील परिचारिकेला तरी रुग्णावाचून दिलेल्या शिक्षणाचे मोल निराळे सांगावयास नको.

उज्जैन ही सांदीपनींच्या आश्रमाची भूमी. मथुरेहून श्रीकृष्ण आणि बलराम तेथे विद्येसाठी आले, गुरूच्या घरी राहिले, रानातून लाकूडफाटा आणला. साक्षात भगवंतालाही घरबसल्या विद्या घ्यावीशी वाटली नाही, हे आपली परंपरा सांगते. यावर कोणी एकलव्याचा दाखला देईल. परंतु एकलव्याजवळ गुरू नसला, तरी हाती धनुष्य होते आणि समोर लक्ष्य होते. त्याचा नेम चुकला तर बाण वाया जात असे. परिचारिकेचा नेम चुकला तर माणूस जातो. नाडीचा ठोका बोटांनीच ओळखावा लागतो, श्वास लागलेल्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचा बदल डोळ्यांनीच टिपावा लागतो, आणि अडलेल्या बाळंतिणीला धीर द्यावयाचा तो तिच्याजवळ उभे राहूनच. हे पडद्यावर पाहता येते, शिकता येत नाही.

तथापि सारा दोष परिचारिकेच्या माथी मारून मोकळे होणे अन्यायाचे होईल. ती घरबसल्या पदवी का शोधते? रात्रपाळी करून ती सकाळी घरी येते, तो मुलांची शाळा, सासूसासऱ्यांचे औषधपाणी आणि स्वयंपाक तिची वाट पाहत असतात. अवघ्या ५५ किलोमीटरवरील इंदूरला जाऊन दोन वर्षे शिकणे हेही तिला सातासमुद्रापलीकडचे वाटते. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सेवासदनाची धुरा वाहिली आणि पुढे विधवा व गरजू स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळविले, तेव्हा भल्याभल्यांनी नाके मुरडली होती. आज या व्यवसायाला कोणी नाव ठेवीत नाही, पण त्यातील स्त्रीला वर चढावयास पायऱ्याही कोणी बांधून देत नाही. अशा वेळी तिने दूरच्या दिव्याकडे पाहिले तर नवल कसले?

वास्तविक पायऱ्यांचा आराखडा तयार आहे. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. त्यात विद्यार्थिनीचा बहुतेक वेळ रुग्णालयातच जातो. प्रसूतिसेवेसाठी तेलंगणाने २०१७ मध्ये करीमनगर येथे परिचारिकांना दीड वर्षाचे विशेष शिक्षण देऊन आरंभ केला, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. परंतु शिक्षणापाठोपाठ पद, वेतनश्रेणी आणि अधिकार यावयास हवे होते. ते बहुतेक ठिकाणी आले नाहीत. दोन वर्षे घासून शिकल्यावर पुन्हा त्याच खुर्चीवर त्याच पगारात बसावयाचे असेल, तर शिकावे कोणी? संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला आहे. त्या कायद्याची कसोटी याच प्रश्नावर लागेल, असे आम्हांस वाटते.

पडद्याचा उपयोगच करू नये, असे आम्ही म्हणत नाही. आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांवर नेमावयाच्या आरोग्य अधिकाऱ्यांसाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने परिचारिकांना सहा महिन्यांचा अभ्यासक्रम दिला. त्यात पाठ दुरून आणि सराव जवळच्या रुग्णालयात, अशी जोड होती. हाच मार्ग वरच्या शिक्षणालाही धरता येईल. व्याख्याने उज्जैनच्या परिचारिकेने रात्री घरी ऐकावीत. प्रत्यक्ष शिक्षण तिला शहरातल्याच माधवनगर किंवा चरक रुग्णालयात, आपल्याच रुग्णांच्या खाटांशी मिळावे, आणि तो काळ नोकरीत धरला जावा. कायद्याची मर्यादा राखूनही हे करता येईल, कारण त्यात रुग्णालय सुटत नाही. हा विचार उज्जैनपुरता नाही. बांबोळीच्या परिचर्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्या आपल्या मुलींची ओढही बहुधा आखाताकडे नि विलायतेकडे असते. त्यांच्यासाठीही घरच्या घरी वरची पायरी बांधण्याचे काम गोवा सरकारने मनावर घेतले पाहिजे.

तोवर अर्ज करू पाहणाऱ्या भगिनींना आमचे सांगणे एवढेच की, पहिला हप्ता भरण्यापूर्वी तीन प्रश्न लेखी विचारावेत. ही पदवी घेऊन मला कोणत्या देशात आणि कोणत्या राज्यात परवाना मिळेल? प्रत्यक्ष रुग्णसेवेचे तास मी कोठे आणि कोणाच्या हाताखाली भरावयाचे? आणि या दोन्ही गोष्टी घडल्या नाहीत, तर माझे पैसे परत मिळतील काय? उत्तरे मध्यस्थाकडून न घेता थेट विद्यापीठाकडून आणि तेथील परिचर्या मंडळाकडून घ्यावीत. ज्याला खरोखर परदेशी जावयाचे आहे, त्याने आधी परवान्याची परीक्षा द्यावी आणि मग पदवीचा विचार करावा. हा क्रम उलटला की फसगत ठरलेलीच.

राज्यकर्त्यांना मात्र एका साध्या हिशेबाची आठवण करून देणे प्राप्त आहे. अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि सिंहस्थ २०२८ ला आहे. घाट बांधले जातील, रस्ते रुंद होतील, तंबूंची नगरे उभी राहतील. पण तहान लागल्यावर विहीर खणता येत नाही, तशी गर्दी लोटल्यावर परिचारिका घडविता येत नाही. क्षिप्रेकाठी भोवळ येऊन पडलेल्या वृद्धेची नाडी जिच्या हाती असेल, तिला आज शिकविले पाहिजे, आणि जेथे रुग्ण आहे तेथेच शिकविले पाहिजे.