तिकिटावर कोणाला जागा मिळते?

डाक तिकीट म्हणजे खरे तर पैसे भरल्याची पावती. 1840 साली इंग्लंडने जगातले पहिले चिकटवायचे तिकीट काढले. त्याआधी पत्राचे पैसे बहुतेक वेळा घेणाऱ्याकडून वसूल व्हायचे. तिकीट आले आणि पाठवणाऱ्यानेच आधी पैसे भरायचे, ही पद्धत रुळली. पण या इवल्याशा पावतीवर चित्र कोणाचे आणि अक्षरे कोणत्या भाषेतली, हे सरकार ठरवते. त्यामुळे जुन्या तिकिटांचा अल्बम चाळला की त्या त्या काळच्या सरकारने कोणाला आपले मानले, हेही दिसू लागते.

आमच्या शाळेत असा एक अल्बम आहे. एका माजी विद्यार्थ्याच्या घरच्यांनी तो दिला. पुढच्या पानांवर अमेरिकेची तिकिटे आहेत, तर मागच्या पानांवर निजामाच्या हैदराबाद संस्थानची. सातवी-आठवीच्या मुलांपुढे तो ठेवला की इतिहासाचा तास आपोआप सुरू होतो.

आधी अमेरिकेकडे पाहू. तिथल्या डाक खात्याने 1847 मध्ये देशभर चालणारी पहिली दोन तिकिटे काढली. पाच सेंटच्या तिकिटावर बेंजामिन फ्रँकलिन होते आणि दहा सेंटच्या तिकिटावर जॉर्ज वॉशिंग्टन. फ्रँकलिन हे तिथले पहिले पोस्टमास्टर जनरल. 1893 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त कोलंबसच्या प्रवासावर सोळा तिकिटांची माला निघाली. ज्यांच्या भूमीवर कोलंबस उतरला, त्या मूळ रहिवाशांपैकी पोकाहोंटास या स्त्रीचे नाव घेऊन तिकीट निघायला मात्र 1907 साल उजाडले.

कृष्णवर्णीय माणसाला तर 1940 पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी दहा सेंटच्या तिकिटावर बुकर टी. वॉशिंग्टन आले. हे गुलामगिरीत जन्मलेले शिक्षक. अलाबामातील टस्कीगी येथे त्यांनी कृष्णवर्णीय मुलामुलींसाठी संस्था उभी केली. पहिल्या तिकिटापासून इथपर्यंत किती वर्षे गेली, याची वजाबाकी मी मुलांनाच करायला सांगते. उत्तर येते 93.

आणखी एक तिकीट या अल्बमात नाही, पण त्याचे चित्र मी मुद्दाम दाखवते. 1 सप्टेंबर 2001 रोजी अमेरिकेने ईदचे तिकीट काढले. निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी अरबी अक्षरांत ‘ईद मुबारक’ असे त्यावर लिहिले आहे. ही अक्षरे काढली मोहम्मद झकारिया या कॅलिफोर्नियात जन्मलेल्या खुशनवीसाने. तरुणपणी त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि पुढे तुर्कस्तानच्या उस्तादांकडे या कलेची रीतसर तालीम घेऊन इजाजत मिळवली. तिकीट निघाले आणि दहा दिवसांनी न्यूयॉर्कवर हल्ला झाला. ते मागे घ्यावे, अशी मागणीही झाली. डाक खात्याने ते मागे घेतले नाही. उलट टपालदर वाढल्यावर 2002 मध्ये तेच तिकीट नव्या किमतीत पुन्हा काढले.

आता आपल्या अंगणात येऊ. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे जिल्हे हैदराबाद संस्थानात होते आणि संस्थानची डाक स्वतंत्र होती. पहिले तिकीट 1869 मध्ये निघाले. तिकिटांवर उर्दू आणि इंग्रजीबरोबर मराठी आणि तेलुगू अक्षरांतही किंमत छापली जाई. बोटाच्या पेराएवढ्या कागदावर चार लिप्या! राज्यकर्ता मुसलमान आणि दरबारची भाषा उर्दू, तरी ज्या शेतकऱ्याला तिकीट विकायचे त्याची भाषा त्यावर होती.

1931 च्या चित्रमालेपाशी आमची मुले सर्वांत जास्त वेळ थांबतात. तिच्यात आठ तिकिटे आहेत. निजामाचा चेहरा एकावरही नाही. सहा तिकिटांवर संस्थानातली ठिकाणे आहेत. एक आण्यावर चारमिनार, दोन आण्यांवर हायकोर्ट, चार आण्यांवर उस्मानसागर तलाव, आठ आण्यांवर अजिंठा लेण्यांचे प्रवेशद्वार, बारा आण्यांवर बीदरचा महमूद गवाँचा मदरसा आणि एक रुपयावर दौलताबादचा चाँदमिनार.

सहापैकी दोन ठिकाणे आपल्याच जिल्ह्यातली! हे लक्षात आले की मुलांचे चेहरे खुलतात. त्यातही अजिंठ्याचे तिकीट थांबून पाहण्यासारखे आहे. लेणी बौद्ध भिक्खूंची. 1920 च्या सुमारास निजाम सरकारने तिथल्या चित्रांच्या जतनासाठी इटलीहून तज्ज्ञ आणले. संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी अजिंठ्यावर चार खंडांचा ग्रंथ तयार केला. त्याचा पहिला खंड 1930 मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी अजिंठा तिकिटावर दिसला. दुसऱ्याच्या श्रद्धेचा वारसा आपला म्हणून जपता येतो, हे मुलांना समजावण्यासाठी मला याहून सोपे उदाहरण सापडलेले नाही.

सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात सामील झाले आणि 1950 मध्ये त्याची तिकिटे थांबली. पण धागा तुटला नाही. 15 ऑगस्ट 1949 रोजी स्वतंत्र भारताने प्राचीन वास्तूंची आणि शिल्पांची माला काढली. तिच्यातल्या तीन पैच्या तिकिटावर अजिंठा आहे. त्याच मालेत विजापूरचा गोल घुमट, सांचीचा स्तूप आणि अमृतसरचे सुवर्णमंदिर आहे. त्याआधी 1948 मध्ये निघालेल्या गांधीजींच्या तिकिटांवर ‘बापू’ हा शब्द देवनागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्यांत आहे.

आता प्रश्न आपल्या घरांचा. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या मोहल्ल्यांत, खुलताबाद-पैठणकडच्या वाड्यांत अनेक पेट्यांमध्ये दादा-नानांची पत्रे आहेत. मजकूर उर्दूत, शिक्का हैदराबाद संस्थानचा. नातू मराठी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतो. त्याला ते पत्र वाचता येत नाही. ज्याला वाचता येत होते ती दादी आज ऐंशीच्या घरात आहे. घर बदलताना किंवा रंग देताना ही पत्रे रद्दीत जातात. ती घरातून गेली की मागे सांगणारे कोणी उरत नाही.

म्हणून काही साध्या गोष्टी. जुन्या लिफाफ्यावरचे तिकीट कापू किंवा सोलू नका. शिक्क्यावरून गाव आणि तारीख कळते, त्यामुळे पूर्ण लिफाफ्यालाच मोल असते. सेलोटेप आणि लॅमिनेशन टाळा. ऊन आणि ओल यांपासून पत्रे दूर ठेवा. दादी-नानी पत्र वाचत असतील तेव्हा मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा आणि ते मराठीत उतरवून पत्रासोबत ठेवा. मूल जमले तर स्वतः वाचण्यापुरती उर्दू लिपी शिकेल. तिकिटावरच्या आकड्यांपासून सुरुवात केली तर गोडी लागते.

सहावी ते नववीच्या मुलांसाठी भारतीय डाक विभागाची ‘दीनदयाळ स्पर्श’ ही शिष्यवृत्ती आहे. निवड झालेल्या विद्यार्थ्याला वर्षाला 6,000 रुपये मिळतात. लेखी प्रश्नमंजूषा आणि प्रकल्प यांवर निवड होते. मुख्य टपाल कार्यालयात चौकशी करा आणि आपल्या शाळेत तिकीट क्लब सुरू करायला मुख्याध्यापकांना सांगा. मुलींनाही यात पुढे करा.

या सुट्टीत घरातली पेटी एकदा उघडा. मुलांना जवळ बसवा आणि सापडलेल्या प्रत्येक तिकिटावरची सगळी अक्षरे त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. जे अक्षर अडेल ते शिकवायला घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला बोलवा.