निखळलेला खांदा

शाळेच्या पटांगणावर कबड्डीचा सामना रंगांत आलेला असतो. एखादा मुलगा कोलमडतो, उजवा हात डाव्या हातानें धरून उठतो, आणि त्याचा चेहरा पांढरा फटक पडलेला दिसतो. खांद्याची गोलाई नाहींशी होऊन तेथें खळगा पडलेला असतो. असा प्रसंग आम्हीं दोनदां पाहिला आहे. पहिल्या खेपेस जमलेल्या मंडळींपैकीं एका गृहस्थानें हात धरून जोरानें ओढला, 'खट्' असा आवाज झाला, आणि सर्वांनीं टाळ्या वाजविल्या. मुलगा आठव्या दिवशीं पुन्हा खेळावयास हजर! त्या टाळ्यांत आम्हीही सामील होतों, हें कबूल केलें पाहिजे. पुढील दीड वर्षांत त्याच मुलाचा तोच खांदा चार वेळां निखळला. शेवटच्या वेळीं तर तो झोपेंत केवळ कूस बदलीत होता. हाड जागेवर बसणें आणि खांदा बरा होणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें आम्हांस तेव्हां उमगलें.

खांदा हा उखळीचा सांधा होय. परंतु ही उखळ कसली, बशीच ती! दंडाच्या हाडाचा गोल माथा तिच्या मानानें बराच मोठा असल्यामुळें तो तिच्यावर नुसता टेकलेला असतो. या उथळपणामुळेंच हात चोहोंकडे फिरूं शकतो, आणि मोठ्या सांध्यांत सर्वांत अधिक वेळां निखळणारा सांधाही त्यामुळेंच हा ठरतो. बशीच्या कांठाभोंवतीं एक चिवट कड असते व तिला सांध्याचे बंध चिकटलेले असतात. हात बाहेर व मागें वळलेला असतां जोराचा हिसका बसला म्हणजे माथा पुढें घसरतो आणि जातां जातां पुढील बाजूची ही कड हाडापासून उचकटून टाकतो. माथा परत बसवितां येतो; पण उचकटलेली कड पुष्कळदां आपल्या मूळ जागीं चिकटत नाहीं. दाराची कडी तुटली असतां दार नुसतें लोटून घ्यावें, तशांतलाच हा प्रकार.

प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटीस याच्या नांवावरील ग्रंथांत अशा खांद्यावर बगलेच्या कातडीस तापलेल्या लोखंडानें डाग देण्याचा उपाय सांगितला आहे. व्रण आवळला म्हणजे खांदा जखडेल, अशी त्यामागील कल्पना. खरें मर्म पुष्कळ उशिरां सांपडलें. जर्मनींत पेर्थेस यांनीं १९०६ सालीं आणि लंडन येथील शस्त्रवैद्य ब्लंडेल बँकार्ट यांनीं १९२३ सालीं असें दाखविलें कीं, दोष आहे तो सुटलेल्या कडेंत, व ती पुन्हा हाडाशीं शिवली पाहिजे. बँकार्ट यांनीं १९३८ सालीं आपल्या २७ शस्त्रक्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकीं एकही खांदा पुन्हा निखळला नव्हता. हल्लीं हेंच शिवणकाम बहुधा दोन-तीन लहान छिद्रांतून, दुर्बिणीच्या साहाय्यानें होतें. बशीच्या कांठांत बारीक खुंट्या बसवून त्यांच्या दोऱ्यांनीं कड बांधून टाकतात. मात्र वारंवार निखळून बशीचा कांठच झिजला असेल तर शिवण पुरत नाहीं. अशा वेळीं फ्रान्समधील लातार्जे यांनीं १९५४ सालीं सांगितलेली रीत उपयोगी पडते. खांद्याच्या पुढील, कावळ्याच्या चोंचीसारख्या हाडाचा तुकडा स्नायूसह काढून झिजलेल्या कांठावर स्क्रूनें बसवितात.

प्रत्येक निखळलेल्या खांद्यावर शस्त्रक्रिया करावी लागते असें नव्हे. परंतु वय जितकें कोंवळें व खेळ जितका झोंबाझोंबीचा, तितका पुन्हा निखळण्याचा संभव अधिक. म्हणून विशीच्या आंतील खेळाडूच्या पालकांनीं पहिल्याच वेळीं अस्थितज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. आणि मैदानावर कोणीही हात ओढूं नये! हाड मोडलेलें असूं शकतें, व बगलेजवळून जाणाऱ्या मज्जातंतूस इजा होऊन दंडाचा बाहेरील भाग बधिर पडूं शकतो. दुसऱ्या प्रसंगीं आम्ही शहाणे झालों होतों. हात जसा होता तसाच झोळींत बांधून आम्हीं त्या मुलास तडक रुग्णालयांत नेलें. तेथें क्ष-किरणांनीं चित्र काढल्यावरच डॉक्टरांनीं हाड बसविलें.

पहिल्या मुलावर अखेर शस्त्रक्रिया झाली. चार ते सहा आठवडे हात झोळींत. बोटें, मनगट व कोपर मात्र हलवावयाचें. नंतर व्यायामोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीं हात हळूहळू वर नेणें, आणि तिसऱ्या महिन्याच्या सुमारास स्नायूंस बळ देणारे व्यायाम. खरी कसोटी याच वेळीं लागते. दुखणें थांबलेलें असतें, हात डोक्यावर जातो, संघास गडी हवा असतो; पण शिवलेली कड अजून पुरती दृढ झालेली नसते. झोंबाझोंबीच्या खेळास साधारणतः सहा महिने तरी बंदी असते. आमच्या या गड्याचे वडील चौथ्या महिन्यांत आम्हांस भेटावयास आले. "मास्तर, पोरगं आतां ठणठणीत दिसतंय, आंतरशालेय सामन्यांत उतरवा कीं!" असा त्यांचा आग्रह. आम्हीं नकार दिला. ते रागावून गेले. तो सामना आमचा संघ दोन गुणांनीं हरला. मुलगा कडेला बसून गुण लिहीत होता, आणि त्याच उजव्या हातानें लिहीत होता.